मदत हवी आहे: मामांच्या दशावताराचे फोटो हलतात. ॲपर्चर, शटर, आयएसओ कोणी साध्या मराठीत समजावेल का?

नमस्कार मंडळी,

माझे मामा दशावतारात राजपार्ट करतात. वय ६३. गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून हा हंगाम शेवटचा, असं त्यांनी तुळशीच्या लग्नाला घरात सगळ्यांसमोर सांगितलं. चाळीस वर्षं हा माणूस रात्र रात्र नाचला, पण त्यांचा रंगमंचावरचा एकही धड फोटो आमच्याकडे नाही. आहेत ते कोणीतरी लांबून मोबाईलवर काढलेले, चेहरा ओळखू न येणारे. हंगाम संपायच्या आत त्यांचे दहा तरी चांगले फोटो काढायचेच, असं मी ठरवलं आहे.

धाकट्या दिरांनी त्यांचा जुना निकॉन डी ५३०० मला दिला. सोबत १८-५५ ची लेन्स आहे. गेल्या शनिवारी कुडाळजवळ एका जत्रेत मामांचा प्रयोग होता, तिथे पहिल्यांदाच हा कॅमेरा वापरला. सुरुवातीला ऑटोवर ठेवला होता, तर फ्लॅश आपोआप उडाला. पखवाज वाजवणाऱ्या काकांनी मान वर करून पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग फ्लॅश बंदचं चिन्ह असलेल्या मोडवर रात्रभर काढत राहिले. एकूण ३४० फोटो.

सकाळी मामांना लॅपटॉपवर दाखवले. गणपतीचं पूजन, संकासुर, बसून बोलण्याचे प्रसंग यातले काही बरे आहेत. पण युद्धाचे सगळेच्या सगळे हलले आहेत. मामांनी त्यातला एक बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "गो बाय, माझी तलवार खंय गेली?" खरंच, फोटोत हात आहे, मूठ आहे आणि तलवारीच्या जागी नुसता पांढुरका पंखा.

त्या फोटोची माहिती उघडली तर असे आकडे दिसतात: ५५ मिमी, एफ ५.६, १/३०, आयएसओ ३२००. याचा अर्थ काय? यातला कुठला आकडा बदलायचा?

व्हिडिओ पाहिले, पण तिथे सगळे शब्द येत असल्यासारखेच बोलतात. "ॲपर्चर मोठं करा" म्हणतात आणि आकडा लहान करतात. कोणी सांगतं आयएसओ कमी ठेवा, कोणी म्हणतं वाढवा. स्टॉप म्हणजे काय? कॅमेऱ्याच्या चकतीवर पी, एस, ए, एम अशी अक्षरं आहेत, ती कशाची?

आमच्या गावची जत्रा १२ दिवसांवर आली आहे. कोकणकन्येचं तिकीट काढून ठेवलं आहे. कृपया मदत करा.

प्रतिसाद १

ताई, चारही आकडे दिलेत हे फार चांगलं केलंत. शब्दांकडे वळण्याआधी एक काम करा.

आपण मराठीत "फोटो हलला" म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात तीन वेगवेगळे दोष येतात, आणि तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. तुमचा कुठला ते आधी कळू दे. दशावतारात रंगमंचावर एक बाकडं असतं ना? तेच आपलं साक्षीदार. खराब फोटो शंभर टक्के मोठा करून बाकड्याकडे बघा.

बाकडं स्वच्छ आणि माणूस पुसट असेल तर माणूस हलला. बाकड्यासकट सगळ्याच कडा एकाच दिशेने दुहेरी झाल्या असतील तर तुमचा हात हलला. मागचा पडदा लख्ख आणि माणूस मऊ असेल तर कोणीच हललं नाही, फोकस चुकीच्या जागी बसला.

बघून सांगा.

धागाकर्ती

दादा, आत्ता बसून पाहिलं. तलवारीच्या फोटोत बाकड्याच्या लाकडातले खिळेसुद्धा मोजता येतात! म्हणजे तिथे माझा हात स्थिर होता. युद्धाचे बहुतेक असेच आहेत. चाळीसेक फोटोंत सगळंच दुहेरी आहे. आणि काहींत पडद्यावर रंगवलेला महाल अगदी स्पष्ट, मामा मात्र धूसर. म्हणजे तिन्ही दोष आहेत. इतके दिवस मला ते एकच वाटत होतं.

प्रतिसाद १

छान. आता शब्द आपोआप जागेवर बसतील.

शटर स्पीड. तुमचा १/३०. म्हणजे शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडं होतं, आणि तेवढ्या वेळात समोर जे जे घडलं ते सगळं एकाच फोटोत एकावर एक उमटलं. तलवारीचं टोक सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरत असेल असं धरा. सेकंदाच्या तिसाव्या भागात ते १६-१७ सेंटीमीटर सरकतं. हाच तुमचा पांढुरका पंखा. शटर १/२५० केलं तर तेच टोक फक्त २ सेंटीमीटर सरकेल आणि तलवार तलवारीसारखी दिसेल. लेन्सवर व्हीआर लिहिलेलं असतं, ते तुमच्या हाताचा कंप सावरतं. समोरच्या नटाला ते थांबवू शकत नाही. बाकडं स्पष्ट आणि तलवार गायब, याचं कारण हेच.

पण शटर १/३० वरून १/२५० वर नेलं की प्रकाश आत यायला आठपट कमी वेळ मिळतो. फोटो काळा येईल. तो प्रकाश दुसरीकडून भरून काढायला हवा.

ॲपर्चर. लेन्सच्या आतल्या भोकाचं माप. आकडा उलटा वाटतो कारण तो अपूर्णांकाचा छेद आहे. एफ २ म्हणजे अर्धी भाकरी, एफ ४ म्हणजे चतकोर. चार हा आकडा दोनपेक्षा मोठा आहे म्हणून कोणी चतकोराला मोठी म्हणत नाही. इथे भाकरी म्हणजे लेन्सची फोकल लेन्थ, तुमच्या माहितीतला तो मिमीचा आकडा. ५० मिमीच्या लेन्सवर एफ २ ला भोकाचा व्यास २५ मिमी, एफ ४ ला साडेबारा. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून प्रकाशही पाव. "ॲपर्चर मोठं करा" म्हणजे भोक मोठं करा, आकडा लहान करा.

स्टॉप. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी. ॲपर्चरच्या पायऱ्या १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. शटरच्या १/३०, १/६०, १/१२५, १/२५०. आयएसओच्या १००, २००, ४००, ८००. तिन्हीकडची एक पायरी सारख्याच वजनाची, म्हणून एकीकडे तीन पायऱ्या गमावल्या तर दुसरीकडे तीन चढायच्या. या तिघांच्या मेळाला एक्स्पोजर म्हणतात.

आता तुमचा हिशोब. १/३० वरून १/२५० म्हणजे तीन स्टॉप गेले. एफ ५.६ वरून एफ २ म्हणजे तीन स्टॉप परत आले. आयएसओ ३२०० तसाच. फोटो तितकाच उजळ आणि तलवार जागेवर. अडचण एवढीच की तुमची लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही.

प्रतिसाद २

म्हणून ५० मिमी एफ १.८ ची लेन्स घ्या, निदान जत्रेपुरती भाड्याने घ्या. तुमचे फोटो ५५ वरच काढलेले असतील तर ५० मध्ये दृश्य जवळपास तेवढंच दिसेल. या लेन्सला झूम नाही, अशांना प्राइम म्हणतात. पुढेमागे व्हायचं ते पायांनी.

घेताना एक काळजी घ्या. निकॉनमध्ये ५० एफ १.८ ची एक जुनी डी प्रकारची लेन्स आहे आणि एक नंतरची एएफ-एस जी. डी ५३०० मध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या डी लेन्सवर ऑटोफोकस चालणार नाही. एएफ-एस लेन्समध्ये मोटर आतच असते. लेन्सवर एएफ-एस लिहिलेलं आहे ना, ते बघूनच पैसे द्या.

प्रतिसाद ३

लेन्स मिळाली नाही तरी धीर सोडू नका. १८-५५ ही लेन्स १८ मिमीला एफ ३.५ पर्यंत उघडते. ५.६ च्या मानाने अडीचपट प्रकाश. झूम न करता रंगमंचाला लागून जमिनीवर बसा, तिथे लहान मुलं बसतात तशा. मामांचीच भाची आहात, तुम्हाला कोणी उठवणार नाही. खालून घेतल्यावर राजा उंच आणि रुबाबदार दिसतो, हा आणखी एक फायदा.

प्रतिसाद ४

आयएसओवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी रोलच्या काळातला माणूस. तेव्हा डब्यावरच १००, २००, ४०० छापलेलं असायचं आणि एकदा रोल घातला की ३६ फोटो त्याच आकड्यात काढावे लागायचे. लग्नाच्या हॉलसाठी ४०० चा रोल, बाहेरच्या उन्हासाठी १०० चा. आता तो आकडा फोटोगणिक बदलता येतो, हे केवढं सुख आहे ते आम्हाला विचारा.

एक गैरसमज मात्र काढून टाका. आयएसओ वाढवल्याने कॅमेऱ्यात जास्त प्रकाश येत नाही. प्रकाश येतो तो फक्त भोकातून आणि वेळेतून. आयएसओ आलेला संकेत मोठा करून दाखवतो, कमी आवाजातलं गाणं कर्ण्यावर वाढवावं तसं. गाण्यासोबत खरखरही वाढते. फोटोतल्या त्या खरखरीला नॉइज म्हणतात, रंगीत रवा पसरल्यासारखी दिसते.

"आयएसओ कमी ठेवा" हा सल्ला उन्हातल्या डोंगरासाठी ठीक आहे. रात्रीच्या रंगमंचावर तो पाळू नका. रवा आलेला फोटो घरी बसून बराचसा सुधारता येतो, हललेला फोटो कोणालाही सुधारता येत नाही. ३२०० ला बिचकू नका, गरज पडली तर ६४०० लाही जा. तुमच्या कॅमेऱ्याची नेहमीची मर्यादा १२८०० आहे.

प्रतिसाद ५

चकतीवरच्या अक्षरांबद्दल. ए वर ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा. एस वर उलटं. पी वर दोन्ही कॅमेरा. एम वर सगळं तुमच्या हातात. कॅननवाले ए ला एव्ही आणि एस ला टीव्ही म्हणतात, काम तेच.

तुम्ही एम वापरा. नवख्या माणसाला एम अवघड, असं सगळे सांगतात, पण दशावतारात उलट आहे. मागचा पडदा गडद असतो. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर सगळं दृश्य मध्यम राखाडी मानून मोजतं, त्याला वाटतं अंधार फार आहे, म्हणून ते फोटो उजळ करतं आणि नटांचे चेहरे पांढरेफटक पडतात. आधीच सफेदा लावलेला असतो, त्यात डोळ्यांच्या कडा, कपाळावरचं गंध सगळं धुऊन जातं. रंगमंचावरचे दिवे रात्रभर तेच राहणार. मग एकदाच चेहऱ्यावर बघून आकडे ठरवा आणि हात लावू नका. कॅमेऱ्याला रात्रभर नव्याने मोजायला लावण्यात अर्थ नाही.

फोटो काढल्यावर हिस्टोग्राम बघायची सवय लावा. तो डोंगरासारखा आलेख उजव्या भिंतीला चिकटला की चेहऱ्यावरचा तपशील गेला समजा.

प्रतिसाद ६

फोकस राहिला. पडदा स्पष्ट आणि मामा धूसर, हे अशामुळे होतं की ऑटोवर कॅमेरा स्वतःच्या मनाने बिंदू निवडतो. मेनूत जाऊन एकच बिंदू निवडा, शक्यतो मधला, कारण कमी उजेडात तो जास्त भरवशाचा. तो मामांच्या चेहऱ्यावर ठेवा. फोकसचा प्रकार एएफ-सी करा, म्हणजे बटण अर्धं दाबून ठेवल्यावर मामा पुढेमागे झाले तरी फोकस त्यांच्यामागे जाईल.

आणि एफ २ ची किंमतही जाणून घ्या. भोक जितकं मोठं तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद. याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. ५० मिमी, एफ २, नट ५ मीटरवर असेल तर हा पट्टा जेमतेम पाऊण मीटरचा. दोघे लढताना एक पुढे एक मागे असेल तर एकच स्पष्ट येईल. तो मामा असू द्या.

प्रतिसाद ७

रंगमंचाच्या दिव्यांकडेही लक्ष द्या. हल्ली सगळीकडे एलईडी आले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना कळत नाही, पण १/२५० च्या शटरला कळतं. एक फोटो उजळ, लगेचचा दुसरा काळपट, किंवा फोटोत आडवे पट्टे. नाटक सुरू व्हायच्या आधी पडद्याचे १/२५० वर लागोपाठ दहा फोटो काढून बघा. सगळे सारखे आले तर निर्धास्त राहा. वरखाली आले तर १/१०० वर या, त्यात मंद-तेजचं एक आवर्तन पूर्ण बसतं.

प्रतिसाद ८

मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, पण माझे वडील दशावतारी होते म्हणून लिहिते. १/१०० वर यावं लागलं तरी घाबरू नका. लढाईत नट सतत फिरत नसतो. गिरक्या घेऊन तो पखवाजाच्या समेवर पाय आपटतो आणि क्षणभर तसाच उभा राहतो, तलवार वर, छाती पुढे, नजर समोर. ती जागा कानाने पकडायची असते. संवाद लिहिलेले नसले तरी युद्धाचा ताल ठरलेला असतो. तुम्ही लहानपणापासून ऐकलाय, तुमच्या कानात तो असणारच. डोळ्यांनी बघून बटण दाबलं तर उशीर होतो, झांजेबरोबर दाबा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस सराव केला, तो सांगते.

५० मिमी एएफ-एस लेन्स दादरहून भाड्याने आणली. घरी छताच्या पंख्यावर प्रयोग केला. १/३० ला पात्यांच्या जागी नुसता धूर. १/२५० ला तीन पाती वेगळी दिसली, टोकं पुसट. १/१००० ला पात्याच्या कडेवरची धूळ दिसली, पण फोटो इतका काळा की आयएसओ १२८०० ला न्यावा लागला आणि रवाच रवा. एका पंख्यावर तिन्ही शब्द डोळ्यांसमोर आले. नंतर लेकाला काठी देऊन ट्यूबलाइटखाली फिरवायला लावली. समेसाठी मी तोंडाने बोल म्हणत होते, खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या.

एक शंका: रॉ की जेपीजी?

प्रतिसाद ४

दोन्ही एकदम ठेवायची सोय आहे, तीच निवडा. जेपीजी म्हणजे कॅमेऱ्याने शिजवून वाढलेलं ताट, रॉ म्हणजे कोरडा शिधा. दिव्यांमुळे चेहरे पिवळे आले तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, रॉमध्ये नंतरही हवा तसा बदलता येतो. कार्डात जागा मात्र जास्त लागते, रिकामं कार्ड न्या.

धागाकर्ती

जत्रा काल झाली. अजून गावीच आहे, नेटवर्क मिळेल तसं लिहिते.

नाटक सुरू व्हायला साडेअकरा झाले. पडद्याचे दहा फोटो आधीच काढले होते. प्रतिसाद ७ मधली शंका खरी ठरली, त्यातले चार काळपट. १/१०० वर आले, एफ २, आयएसओ १६००. गणपतीपासूनच आकडे तेच ठेवले. सगळं मिळून १८० फोटो काढले, गेल्या वेळच्या जवळपास निम्मे.

युद्ध पहाटे चारच्या सुमाराला आलं. पहिल्या दोन फेऱ्यांत कॅमेरा खालीच ठेवला आणि नुसतं ऐकलं. तिसऱ्या फेरीपासून झांजेबरोबर दाबत गेले. मामांनी उजवा पाय आपटला, बाकड्यावर चढले आणि तलवार डोक्यावर धरून थांबले, तो एक फोटो मिळाला आहे. गुडघ्याला बांधलेली पट्टी धोतराच्या निऱ्यांतून दिसते. गालावरून घाम उतरलाय तिथे सफेदा फाटून खालची कातडी दिसते. तलवारीच्या पात्यावर पोचे आहेत, तेही मोजता येतात. मागचा महाल विरघळल्यासारखा झालाय.

दहीकाल्यानंतर मामा पेटाऱ्याजवळ बसून खोबरेल तेलाने रंग उतरवत होते, तिथेच दाखवला. तेलाचे हात पुसून त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, "गावली गो तलवार." मग मामींना हाक मारून बोलावलं.

हा फोटो भिंतीवर लावण्याएवढा मोठा करायचा आहे. किती मोठा होईल? आणि कागद कुठला सांगू?

प्रतिसाद १

ताई, वाचून फार आनंद झाला. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा. १८ बाय १२ इंचाला एका इंचात ३३३ ठिपके पडतात, उत्तम येईल. मापही फोटोच्या प्रमाणातच आहे, त्यामुळे कुठे कापावं लागणार नाही, तलवारीचं टोक शाबूत राहील.

कागद मॅट सांगा. गावच्या घरात दारासमोर खिडकी असते, चकचकीत कागदावर तिचंच प्रतिबिंब पडेल.